आरएक्स-८ साठी साधं मिनरल ऑइल: ग्रेड कोणता आणि पातळी नेमकी कशी बघायची?

खारघर_आरएक्स८

गाडी माझदा आरएक्स-८, २००४ ची, सहा गिअरची मॅन्युअल. इंजिन १३बी रेनेसिस, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेलं रोटरी, ८२,००० किमी. आठवड्यातून तीन-चार दिवस खारघर ते ऐरोली, तेही सकाळच्या ट्रॅफिकमध्ये. रविवारी पामबीच किंवा एक्सप्रेसवेने खोपोलीपर्यंत.

जाणकारांना तीन प्रश्न:

१. रोटरीत सिंथेटिक टाकू नका, साधं मिनरलच टाका, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० आहे. तुर्भे आणि पनवेलच्या दुकानांत मिनरल मागितलं की १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हातात देतात. ५डब्ल्यू-३० चा प्रत्येक कॅन सिंथेटिक. मग घ्यायचं काय?

२. डिपस्टिकवर दर वेळी वेगळी पातळी दिसते. एका बाजूला एफच्या (‘फुल’च्या खुणेच्या) जवळ, दुसऱ्या बाजूला अर्ध्यावर. खरी कोणती धरायची?

३. पेट्रोलच्या टाकीत टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळावं का? मिसळायचं तर किती?

---

वागळे_पाना

आधी एक गोष्ट सगळ्यांसाठी स्पष्ट करतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. पिस्टनच्या गाडीत ऑइल जळालं तर तो बिघाड. रोटरीत ऑइल मुद्दाम जाळलं जातं. एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरची पट्टी, रोटर हाउसिंगच्या क्रोमच्या पृष्ठभागावर सतत घासत फिरते आणि तिला वंगण मिळण्याचा दुसरा मार्ग नाही. म्हणून मीटरिंग ऑइल पंप, म्हणजे ओएमपी, चेंबरमधलंच इंजिन ऑइल मोजून नोझलमधून आत सोडतो. (चेंबर म्हणजे खालचा ऑइलचा चेंबर, ज्वलनाचा नव्हे.) २००८ पर्यंतच्या आरएक्स-८ ला दर रोटरमागे दोन नोझल आहेत, २००९ पासूनच्या गाड्यांना तीन.

म्हणजे एकाच ऑइलला दोन कामं. बेअरिंगमध्ये दाबाखाली टिकायचं, आणि हाउसिंगमध्ये घाण न ठेवता जळून जायचं. शिवाय रोटरला आतून थंडही ऑइलच करतं, पाणी फक्त हाउसिंगला मिळतं. त्यामुळे ऑइलची निवड इथे पिस्टन इंजिनापेक्षा जास्त महत्त्वाची.

ग्रेडबद्दल माझं मत: ठाण्यात-नवी मुंबईत ४० ग्रेड (डब्ल्यूनंतरचा आकडा, म्हणजे तापल्यावरचा दाटपणा). आरएक्स-८ चे ऑइल कूलर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आहेत आणि त्यांच्यामागे पंखा नाही. गाडी पळत असेल तर हवा लागते, ऐरोलीच्या सिग्नलला उभी असेल तर लागत नाही. रेडिएटरचा पंखा पाणी आवरतो, ऑइल मात्र तापत राहतं आणि पाण्याच्या काट्यावर ते दिसत नाही. ३० ग्रेड तापल्यावर बेअरिंगसाठी पातळ पडतं. अमेरिकेच्या पुस्तिकेत तर ५डब्ल्यू-२० आहे, ते आपल्याकडे अजिबात नको.

२०डब्ल्यू-५० जुन्या आरएक्स-७ ला उन्हाळ्यात चालतं. रोजच्या रेनेसिसला मी ते देणार नाही. जाड ऑइल कूलरमधून हळू वाहतं आणि गरम व्हायला वेळ घेतं. 

---

श्यानता

ल्युब्रिकंटच्या बाजूने लिहिते. मिनरल की सिंथेटिक, हा वाद बेस ऑइलचा, म्हणजे मसाला घालण्याआधीच्या मूळ तेलाचा. हाउसिंगमध्ये साठणारी घाण मात्र बऱ्याच अंशी बेस ऑइलची नसते.

ऑइल जळतं तेव्हा हायड्रोकार्बनचा भाग बहुतांशी उडून जातो. मागे उरतात ते धातू: डिटर्जंटमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, झिज रोखणाऱ्या घटकातलं झिंक. यालाच डेटाशीटवर ‘सल्फेटेड अॅश’ म्हणतात, वजनाच्या टक्क्यांत. ही राख कार्बनबरोबर साइड सीलच्या (रोटरच्या सपाट बाजूंवरच्या सीलच्या) खाचांत, प्लगवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये बसते. रेनेसिसमध्ये एक्झॉस्टचे पोर्ट साइड प्लेटमध्ये आहेत, त्यामुळे साइड सील अडकणं हा तिचा नेहमीचा आजार. जास्त राखेचं मिनरल घेतलंत तर कमी राखेच्या सिंथेटिकपेक्षा जास्त घाण होईल.

सिंथेटिक नको, हा सल्ला जुन्या काळातला. तेव्हाच्या काही एस्टर तेलांनी रबरी सील फुगायचे, आणि ती तेलं नीट जळत नाहीत अशी शंका होती. आता दुकानातलं ५डब्ल्यू-३० सिंथेटिक बहुतेक वेळा ग्रुप ३ असतं, म्हणजे खनिज तेलच हायड्रोजनच्या प्रक्रियेने जास्त शुद्ध केलेलं. त्यामुळे रोटरीचं काही बिघडत नाही. शुद्ध मिनरलमधून ५डब्ल्यू-३० बनवणं अवघड, म्हणून ते तुम्हाला शेल्फवर दिसत नाही. दुकानदाराची यात चूक नाही.

मग मिनरल का घ्यायचं? सिंथेटिकचा मोठा फायदा म्हणजे ते १०,००० किमी टिकतं. रोटरीत ऑइल ४,००० ते ५,००० किमीला काढायचंच असतं, कारण पेट्रोल मिसळून ते पातळ होतं. जे टिकवायचं नाही, त्याच्या टिकाऊपणाचे पैसे कशाला? चांगलं मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक वेळेवर बदलणं जास्त उपयोगाचं.

कॅनवर आणि डेटाशीटवर हे बघा:

१०० अंशाला श्यानता, म्हणजे दाटपणा. एसएई या ग्रेड ठरवणाऱ्या संस्थेच्या हिशेबात ४० म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स. १३.५ ते १४.५ मिळालं तर उत्तम.

एचटीएचएस, म्हणजे १५० अंशाला जोरात घासलं जाताना उरणारा दाटपणा. १५डब्ल्यू-४० ला एसएई किमान ३.७ मागते, १०डब्ल्यू-४० ला ३.५. ५डब्ल्यू-३० ला फक्त २.९ पुरतं. बेअरिंगसाठी हाच आकडा मोलाचा.

राख १.० टक्क्यापर्यंत. आकडा दिला नसेल तर टीबीएन, म्हणजे ऑइलची आम्ल मारण्याची क्षमता बघा. ६ ते ८ असेल तर राख साधारण मध्यम. १० च्या वर गेला की तो बहुधा डिझेलचा मसाला.

एपीआयचा (अमेरिकी मानकाचा) दर्जा एसएन किंवा त्याच्या पुढचा, पेट्रोलसाठीचा. कळंबोलीला ट्रकवाले वापरतात ते सीआय-४ चं १५डब्ल्यू-४० स्वस्त आणि दणकट असतं, पण त्यात डिटर्जंट भरपूर आणि सीआय-४ ला राखेची मर्यादाच नाही. डिझेल इंजिनाला ते शोभतं, इथे नको.

‘१५डब्ल्यू’ बघून घाबरू नका. हा डब्ल्यूचा आकडा उणे तापमानाचा आहे. १५डब्ल्यू ऑइल उणे २५ अंशालाही पंप होतं. खारघरच्या जानेवारीत १०डब्ल्यू आणि १५डब्ल्यूमधला फरक इंजिनाला फारसा जाणवणार नाही.

आणखी एक. दुकानात १०डब्ल्यू-३० मिनरल सहज मिळतं ते बहुधा स्कूटरचं असतं, ८०० किंवा ९०० मिलीच्या बाटलीत, जेएएसओ एमबी (स्कूटरच्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं. ग्रेड जुळतो म्हणून ते उचलू नका.

---

घोडबंदर९०००

ताईंच्या मुद्द्यांशी सहमत. आता डिपस्टिकचं.

आरएक्स-८ ची डिपस्टिक लांब, लवचीक आणि वाकड्या नळीतून जाते. ओढताना नळीला लागलेलं ऑइल तिला फासतं, म्हणून एका बाजूला पातळी जास्त दिसते. दोन्ही बाजू बघा आणि जी कमी दाखवते तीच खरी धरा.

जमीन खरोखर सपाट हवी. इमारतींच्या स्टिल्ट पार्किंगला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, पोडियमच्या रॅम्पजवळही तसंच. एका बाटलीत अर्धं पाणी घालून आडवी ठेवा, उतार लगेच दिसतो. पेट्रोल पंपावरची फरशी तर बहुतेक ठिकाणी उतरतीच असते.

इंजिन पूर्ण गरम करून बंद करा, पाच मिनिटं थांबा. काडी काढून कोऱ्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, दहा सेकंद ठेवून सरळ ओढा. तीन वेळा करा. पहिली वेळ सोडून द्या, पुढच्या दोन जुळल्या पाहिजेत. सकाळी थंड इंजिनावर बघायचं असेल तर दर वेळी थंडच बघा. रात्रभरात वरचं ऑइल खाली उतरतं आणि पातळी थोडी वेगळी येते, म्हणून गरम आणि थंड वाचनाची एकमेकांशी तुलना करू नये.

हे दर दुसऱ्या टाकीला, म्हणजे साधारण ६००-७०० किमीला. पातळी अर्ध्याखाली आली की २५० मिली घाला, पाच मिनिटांनी पुन्हा बघा. एफच्या वर कधीच नाही. जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून इनटेकमध्ये जातं आणि धूर निघतो. डॅशबोर्डवर कमी ऑइलचा दिवा आहे, पण तो लागेपर्यंत थांबायचं नसतं. आणि २००८ पर्यंतच्या गाडीतला ऑइल प्रेशरचा काटा खरा गेज नाही, स्विच आहे. दाब ठरावीक मर्यादेच्या वर असला की तो मध्यावर बसून राहतो. त्यावर विसंबू नका. खरा दाब बघायचा असेल तर वेगळा सेन्सर आणि गेज लावा, ऑइल टेम्परेचरसकट. ऑइल ११० अंशांच्या पुढे चढायला लागलं की पाय काढून घ्या.

बदलताना: फिल्टरसकट साडेतीन लिटरच्या आसपास लागतं. आधी तीन लिटर ओता, इंजिन एक मिनिट चालवा, बंद करून पाच मिनिटांनी पातळी बघा, मग उरलेलं १००-२०० मिलीच्या टप्प्याने. अख्खा पाच लिटरचा कॅन ओतणारे मेकॅनिक आहेत, समोर उभे राहा.

मॅन्युअल गाडीला दोन कूलर, लांब पाइप. त्यांतलं ऑइल ड्रेन बोल्टमधून निघत नाही. म्हणजे एका बदलात निम्म्याच्या आसपासच नवीन होतं. नवीन ऑइल दुसऱ्याच दिवशी काळं दिसतं ते यामुळे, ऑइल डुप्लिकेट आहे म्हणून नव्हे. ग्रेड बदलत असाल तर पहिला बदल आता आणि दुसरा १,५०० किमीला करा, तेव्हा कुठे नवीन ग्रेड खरा लागू होतो.

ड्रेन बोल्टला दर वेळी नवीन वॉशर, ३० ते ४० न्यूटन-मीटर. चेंबर पत्र्याचा आहे, पाना लटकून आवळला तर आटे जातात. खाली वाकलात तसं चेंबरचं बूडही बघून घ्या. घोडबंदरवरचे स्पीडब्रेकर या गाडीला सोडत नाहीत. कूलरच्या जाळीत चिखल, पाला, प्लॅस्टिक अडकतं. पावसाळ्यानंतर बंपरच्या आतून हलक्या पाण्याने धुवा, जेट मारू नका, पट्ट्या वाकतात.

---

खारघर_आरएक्स८

मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सपाट जागी तीनदा बघितलं. मागच्या बदलाला १,४०० किमी झालेत आणि पातळी एक रेघही हललेली नाही, एफवरच आहे. हे चांगलं लक्षण ना? काडीला पेट्रोलचा वास मात्र येतोय.

---

वागळे_पाना

खारघरकर, हे चांगलं लक्षण नाही. यावर आधी लक्ष द्या, ग्रेड नंतर ठरवू.

चालू स्थितीतली रेनेसिस साधारण दीड-दोन हजार किमीला एक लिटर घेते, पाय जड असेल तर त्याहून जास्त. १,४०० किमीत अर्धा लिटर तरी उतरायला हवं होतं. पातळी हललीच नाही, याचे दोनच अर्थ लागतात. एकतर ओएमपी ऑइल सोडत नाहीये, किंवा जितकं ऑइल जळतंय तितकंच पेट्रोल खाली उतरून त्याची जागा घेतंय. वास येतोय म्हणजे दुसरं नक्की आहे. पहिलं आहे की नाही ते तपासायचं.

आज संध्याकाळी एवढं करा. काडीवरचा एक थेंब कॉफीच्या फिल्टर कागदावर किंवा जाड टिपकागदावर टाका आणि रात्रभर ठेवा. मधला डाग काळा आणि बाहेर फिकट कडं, इतकं चालतं. बाहेरचं कडं रुंद, जवळजवळ पारदर्शक पसरलं असेल तर पेट्रोल बरंच मिसळलंय. मग किमीचा हिशेब न करता ऑइल आणि फिल्टर बदला. पातळ ऑइलवर इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत फिरवलं तर सगळ्यात आधी बेअरिंग जातं.

मग ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र लावा. ओएमपीचे कोड पी१६८६ ते पी१६८८ या पट्ट्यात येतात. कोड नसला तरी निश्चिंत होऊ नका, कारण नोझल चोंदलं असेल तर कोड येतोच असं नाही. नोझल काढून तपासावी लागते: ती एकाच दिशेने वाट देते. एका बाजूने फुंकल्यावर हवा जायला हवी, उलट बाजूने अडायला हवी. दोन्हीकडून अडली तर चोंदली, दोन्हीकडून गेली तर व्हॉल्व्ह गेला. ओएमपीपासूनच्या लाइन उष्णतेने कडक होऊन तडकतात, त्याही बघा. लाइन सोडून इंजिन चालवून थेंब बघायचे असतील तर आधी टाकीत टू-टी मिसळा, नाहीतर तेवढ्या वेळात सील कोरड्या फिरतात. आणि तिथे थेंब येतात, धार नव्हे, थोडं थांबावं लागतं.

---

श्यानता

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता जास्त महत्त्वाचं झालं. ओएमपी ठीक आहे हे कळेपर्यंत दर लिटर पेट्रोलला ४ मिली टू-टी. ४० लिटर भरत असाल तर १६० मिली. औषधाच्या बाटलीवरचं १० मिलीचं माप पुरतं, जास्त असेल तर मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज. टू-टी आधी, पेट्रोल नंतर, म्हणजे भरताना आपोआप ढवळलं जातं. ओएमपी चांगला निघाला तर २ ते ३ मिलीवर या. त्याहून वाढवलं तर प्लग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घाण होतात.

टू-टी जेएएसओ एफडी दर्जाचं घ्या. त्यात राखेची मर्यादा मुळातच ०.२५ टक्क्यांच्या आत आहे, इंजिन ऑइलच्या चौथा हिस्सा. बोटीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ राखविरहित असतं म्हणून काही जण सुचवतात, पण ते पाण्याने थंड राहणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेलं. रोटरीच्या हाउसिंगच्या तापमानाला मी एफडीच पसंत करेन. एरंडेलवालं रेसिंगचं टू-टी अजिबात नको. ते पेट्रोलमध्ये वेगळं होतं. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ही गाडी ई२० च्या आधीची आहे, तेव्हा टाकी महिनोन् महिने भरून ठेवू नका आणि ९५ ऑक्टेन मिळत असेल तर तेच भरा.

काढलेलं ऑइल फेकण्याआधी १०० मिली स्वच्छ, कोरड्या बाटलीत घ्या. मधल्या धारेतलं, सुरुवातीचं नाही आणि शेवटचंही नाही. टीटीसी एमआयडीसीच्या पट्ट्यात ल्युब तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. त्यांना १०० अंशाची श्यानता, फ्लॅश पॉइंट आणि धातू एवढंच सांगा. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान, नव्या ऑइलपेक्षा बराच खाली आला की पेट्रोल मिसळल्याचा पुरावा मिळाला. शिसं, तांबं, कथील वाढलं तर बेअरिंग. सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ. एक मर्यादा ध्यानात ठेवा: एपेक्स सीलची झीज बहुतांशी एक्झॉस्टमधून बाहेर जाते, ऑइलमध्ये थोडीच उतरते. त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून सील चांगल्या आहेत असं होत नाही.

---

घोडबंदर९०००

सीलसाठी कम्प्रेशन टेस्ट, तीही रोटरीच्या टेस्टरवर. साधा पिस्टनचा गेज तीनपैकी फक्त सगळ्यात जास्त दाबाच्या बाजूचा आकडा दाखवतो, मेलेली बाजू लपून राहते. २५० आरपीएमला ८३० केपीए म्हणजे ठणठणीत, ६८० ही किमान मर्यादा. एका रोटरच्या तीन बाजूंत १५० पेक्षा आणि दोन रोटरांत १०० पेक्षा जास्त फरक नको.

पेट्रोल ऑइलमध्ये का उतरतंय, त्याचं एक साधं कारण तुमच्या वापरातही असू शकतं. थंड इंजिन सुरू करून गाडी दहा फूट पुढे घेतली आणि बंद केली, की पेट्रोल न जळता आतच राहतं. सोसायटीत दुसऱ्याची गाडी काढायला वॉचमन बोलावतो तेव्हा हेच होतं. हँडब्रेक काढून ढकलून घ्या. सुरू केलीच तर पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत चालू ठेवा. सुरू होईना झाली तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा. त्या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात आणि आतलं पेट्रोल बाहेर फेकलं जातं. प्लग, कॉइल जुने असतील तर तेही पेट्रोल अर्धवट जाळतात. दर रोटरला दोन प्लग असतात: लीडिंगला आरई७सी-एल, ट्रेलिंगला आरई९बी-टी, अदलाबदल करू नका.

आणि पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरा फेस दिसला तर लगेच इंजिन उघडायला देऊ नका. भरायची नळी उंच आणि थंड असते, दमट हवेत तिथे वाफ साठते. कूलंटची पातळी आठवडाभर स्थिर असेल आणि काडी स्वच्छ असेल, तर अर्धा तास लांबवर चालवून आणा, फेस जातो. कूलंट उतरत असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

---

खारघर_आरएक्स८

टिपकागदावर बाहेरचं कडं रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं पसरलं. शनिवारी ऑइल काढतोय, नमुना बाजूला ठेवतो. १५डब्ल्यू-४०, एपीआय एसएन, राख ०.९ असलेलं मिनरल वाशीत मिळालं, साडेतीन लिटरचा कॅन. टू-टी एफडी आजच घातलं. स्कॅनर लावून नोझल काढल्या की कळवतो. फिल्टर कुठला मागू?

---

वागळे_पाना

साडेतीनच्या कॅनबरोबर एक लिटर वेगळं घ्या, टॉप-अपला लागणारच आहे, आणि तेही त्याच बॅचचं. कॅनच्या झाकणाची कडी आणि आतला फॉइल स्वतः फोडा.

फिल्टर मागताना नुसतं ‘माझदा’ म्हणू नका. आपल्याकडे ते नाव घेतलं की काउंटरवाला स्वराज माझदाचा, म्हणजे ट्रकचा, फिल्टर काढतो. गाडीवरचा जुना फिल्टर काढून सोबत न्या. आटे २० बाय १.५ मिमी, सीलचा व्यास आणि आतला अँटी-ड्रेनबॅक (ऑइल उलट वाहू न देणारा) व्हॉल्व्ह, तिन्ही जुळले पाहिजेत. मिळाला तर एकदम चार घ्या. जुना काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर पहिल्याच रेसला सगळं ऑइल रस्त्यावर येतं. नवीन रिंगला ऑइल लावा, रिंग टेकल्यापासून पाऊण फेरा हाताने, पान्याने नाही.

काढलेलं ऑइल जुन्या कॅनमध्ये भरून अधिकृत रिसायकलरकडे देणाऱ्या गॅरेजलाच द्या, गटारात नाही. नोझल काढल्या की प्रत्येकीचे फोटो टाका, पुढच्या रोटरच्या आणि मागच्या रोटरच्या वेगळ्या लिहून.